आधी पडायला शिकले

मनगटात स्कॅफॉइड नावाचं एक हाड असतं. आकार काजूसारखा, आणि जेमतेम काजूएवढंच. ते मोडलं म्हणून माझा अर्धा मोसम गेला, आणि ते मोडलं कसं याचा छडा लावता लावता मी ज्युदोच्या मॅटवर पोहोचले.

मी फुटबॉल खेळते, सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. एका कॉर्नरला हेडरसाठी उडाले, समोरच्या स्ट्रायकरचा खांदा हवेतच माझ्या कमरेला लागला, तोल गेला आणि खाली येताना उजवा हात पुढे टेकला. कोपर ताठ, तळहात उघडा, सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर. त्या क्षणी फार दुखलंही नाही. थोडी सूज आली, आणि अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबलं की कळ यायची. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. या हाडाच्या बाबतीत तसं बऱ्याचदा होतं, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. मुरगळलंय असं समजून दहा दिवस पट्टी बांधून खेळले. पुन्हा तपासलं तेव्हा फ्रॅक्चर दिसलं. स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि तिथून ते मागे मनगटाकडे जातं. मधोमध तडा गेला की मागच्या तुकड्याला रक्त कमी पडतं आणि हाड फार सावकाश जुळतं. माझं प्लास्टर अकरा आठवडे होतं.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओने मनगटाचे व्यायाम दिले आणि जाता जाता विचारलं, "तू पडतेस कशी, ते कधी बघितलंयस का?"

नव्हतं बघितलं. सामन्यांचे व्हिडिओ होते. एका संध्याकाळी वही घेऊन बसले आणि सहा सामन्यांतलं माझं प्रत्येक पडणं मोजलं. एकतीस वेळा पडले होते, त्यात बावीस वेळा आधी हात टेकला होता. बावीस वेळा तोच ताठ कोपर. हाड त्या एकाच दिवशी का मोडलं, त्याआधी का नाही, याचंच नवल वाटायला लागलं.

पण त्याहून जास्त लागलं ते पुढचं. दुखापतीनंतर सरावाला परतले होते, त्याचेही व्हिडिओ होते. त्यात मी उडतच नव्हते. चेंडू हवेत, स्ट्रायकर धावत येतेय, आणि शेवटच्या क्षणी माझं अर्धं पाऊल मागे. बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही एवढंच. सेंटर बॅकचं मात्र सगळं काम त्या अर्ध्या पावलात असतं. हेडर जिंकायचा तर आपण पडू शकतो हे मान्य करूनच उडावं लागतं, आणि माझं मन ते मान्य करायला तयार नव्हतं. ताकद कमी पडत असती तर काय करायचं ते मला माहीत होतं. या गोष्टीचं काय करायचं ते माहीत नव्हतं.

मोकळ्या काळात एखादा मार्शल आर्ट शिक, हे आमच्या ट्रेनरने सुचवलं. कुठला, यावर टीममध्ये बरीच चर्चा झाली. बहुतेकींचं मत तायक्वांदो, कारण स्वीडनचा स्ट्रायकर झ्लाटान इब्राहिमोविच. त्याच्याकडे तायक्वांदोचा ब्लॅक बेल्ट आहे. १४ नोव्हेंबर २०१२ ला इंग्लंडविरुद्ध त्याने मारलेली उलटी किक ज्यांनी पाहिलीय, त्यांना इतक्या उंचीवर पाय जातोच कसा हा प्रश्न पडतोच. मलाही ती किक फार आवडते. पण स्ट्रायकरची गरज वेगळी, माझी वेगळी.

दुसरा पर्याय कुस्तीचा. रग्बी खेळणारे कुस्ती आणि ज्युदो या दोन्हींकडे वळतात. जपानच्या रग्बी संघाचे प्रशिक्षक एडी जोन्स यांनी २०१५ च्या वर्ल्ड कपआधी त्सुयोशी कोसाका या ज्युदोतून आलेल्या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) फायटरला टॅकल शिकवायला आणलं होतं. त्या वर्ल्ड कपमध्ये जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवलं. तो विजय कुणा एका प्रशिक्षकाचा होता असं मी म्हणणार नाही, पण खाली वाकून मोठ्या माणसाच्या पायांत शिरायचं कसं, हे त्या संघाला नेमकं हवं होतं. रग्बीत ते कामी येतं. फुटबॉलमध्ये मला सरळ उभं राहून, खांद्याला खांदा भिडवून जागा धरायची असते. ज्युदोत पाय हाताने धरण्यावर २०१० मध्ये बंधनं आली आणि २०१३ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ते पूर्ण बंद झालं, त्यामुळे ज्युदोचे खेळाडू बऱ्यापैकी ताठ उभे राहून झगडतात. ती ढब मला माझ्या खेळाच्या जवळची वाटली. शिवाय ज्युदोत पहिल्याच दिवशी पडायला शिकवतात. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

मोसम संपल्यावर चौदा आठवडे हातात होते. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास जायचं ठरवलं. सरांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. स्पर्धा खेळायच्या नाहीत, बेल्टची परीक्षा द्यायची नाही, मनगट नुकतंच जुळलंय. त्यांनी माझा हात हातात घेऊन मनगट सगळ्या बाजूंनी वळवून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पहिला महिना तू कुणालाही पाडायचं नाहीस. फक्त पडायचं."

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले धोकादायक प्रकार त्यांनी मोकळ्या झुंजीतून बाहेर काढले, म्हणजे दोघांना पूर्ण ताकदीने झगडता येईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येता येईल. या सगळ्याचा पाया उकेमी, म्हणजे सुरक्षित पडणं. शब्दाचा अर्थ साधारण 'अंगाने झेलणं' असा आहे, आणि मला तो 'पडणं'पेक्षा कितीतरी बरोबर वाटतो.

सुरुवात आडवं पडूनच. पाठीवर निजायचं, हनुवटी छातीला लावायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि दोन्ही हात तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम मॅटवर आपटायचे. हात अंगापासून फार लांब नाहीत, फार जवळही नाहीत, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. हनुवटी आत असली की डोक्याची मागची बाजू जमिनीवर आदळत नाही. हात असा सपाट आपटला की धक्का एका मनगटावर न येता सगळ्या हातभर पसरतो, आणि मुख्य म्हणजे हात अंगाखाली सापडत नाही. हे ऐकायला दोन मिनिटं लागतात. अंगात मुरायला मला पाच आठवडे लागले.

कारण आडवं पडून जे सहज जमायचं, ते उकिडवं बसून मागे पडताना जमेना. तोल गेला रे गेला की उजवा हात मागे टेकायला धावायचा. जो हात मोडला होता, तोच. सर काही बोलले नाहीत, त्यांनी मला दोन्ही हातांनी स्वतःच्या गीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, कॉलर घट्ट धरायला लावली आणि तसंच मागे पडायला सांगितलं. हात मोकळेच नाहीत म्हटल्यावर पाठ गोल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कंबर, मग पाठ, मग खांदे, आणि मग पुन्हा झोक्यासारखं वर. असं एका दिवसात शंभर-सव्वाशे वेळा. पहिल्या आठवड्यात मानेचे पुढचे स्नायू इतके दुखले की सकाळी उशीवरून डोकं उचलताना हाताचा आधार द्यावा लागला. इतकी वर्षं हेडर मारतेय, पण माझी मान पुढून इतकी कच्ची होती हे तेव्हा कळलं.

पुढे मग कुशीवर पडणं, आणि मला सगळ्यात आवडलेली गोलांटी: करंगळीच्या कडेपासून हात, हातावरून खांदा, खांद्यावरून पाठीवर तिरकं उतरून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत. मणक्यावर सरळ भार येतच नाही. चौथ्या आठवड्यापासून दुसऱ्यांनी मला पाडायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी माझ्यासमोर एक शाळकरी मुलगी होती, वजनाने माझ्यापेक्षा कितीतरी हलकी. तिने तीनदा मला कमरेवरून फेकलं आणि तिसऱ्यांदा मी उठताना हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही पडताना श्वास धरून ठेवता. सोडून बघा." सोडून बघितला. त्या एका वाक्याने माझं निम्मं काम झालं. श्वास धरला की सगळं अंग लाकडासारखं होतं आणि धक्का आतपर्यंत जातो, सोडला की धक्का वरच्यावर विरतो.

इतकंच शिकायला मी आले होते. पण सहाव्या आठवड्यात कुझुशी सुरू झालं आणि मला जाणवलं की आपण ज्या गोष्टीसाठी आलो, ती इथे मिळणाऱ्या गोष्टींतली सगळ्यात छोटी आहे.

कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल मोडणं. फेकायच्या आधीची गोष्ट. तोल न मोडता फेकायला जाल तर कितीही ताकद लावा, समोरचं माणूस हलत नाही. मला शिकवलेला पहिला पायाचा डाव दे-आशी-हाराई होता. समोरची व्यक्ती पाऊल टाकतेय, पायावर भार यायला नुकती सुरुवात झालीय, अशा क्षणी आपल्या तळव्याने तिचा पाय हलकेच बाजूला सरकवायचा. भार पूर्ण आला की उशीर झाला, पाय खांबासारखा रोवलेला असतो. भार यायच्या आधी सरकवलं तर ती नुसता पाय उचलून दुसरीकडे टाकते. मधला क्षण पापणी लवण्याइतका. तो डोळ्यांनी पकडायला गेलं की हमखास निसटतो. सरांनी मला डोळे मिटून, समोरच्या जोडीदाराची बाही आणि कॉलर धरून नुसतं मॅटभर चालायला लावलं. "कुठल्या पायावर आहे ते हातांनी ऐक," म्हणाले. दोन दिवस काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी, खरंच, तिच्या बाहीच्या ताणावरून मला कळायला लागलं की आता डावा, आता उजवा.

आता सेंटर बॅकचं काम आठवा. चेंडू घेऊन येणारी खेळाडू समोर आहे आणि ती कुठल्या बाजूने निघणार ते मला ओळखायचंय. लहानपणापासून ऐकत आलोय, चेंडूकडे बघ, पायांकडे बघू नकोस, कमरेकडे बघ. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण काय बघायचं ते त्या तीन दिवसांनंतर पहिल्यांदा नीट उमगलं. चकवा देताना ती खोटं पाऊल टाकते, त्यावर पूर्ण भार कधीच देत नाही, कारण तिला लगेच उलट्या बाजूला निघायचं असतं. खऱ्या पावलावर भार येतो. आणि एकदा भार आला की पुढचा क्षणभर ती दिशा बदलू शकत नाही. टॅकल तेव्हाच करायची. उलट बाजूने, ती चकवा देते तेव्हा माझ्यावर कुझुशीच करत असते: माझा भार एका पायावर आणवते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. मी वर्षानुवर्षं जिला 'रिॲक्शन स्लो आहे' म्हणत होते, ती खरं तर माझी भार लवकर देऊन टाकायची सवय होती. ज्युदोत पाय एकमेकांना ओलांडू न देता, एकामागून एक सरकवत चालतात. बचावात मागे हटतानाही अगदी तेच करायचं असतं. आता मी दोन्ही पायांत भार राखून हटते, आणि तिला आधी चूक करायला लावते.

जमिनीवरच्या झुंजीचा भाग मी थोडाच केला. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की घेतली: पाठीवर असताना कंबर उचलून कुशीवर वळायचं, एक पाय खालून मागे ओढायचा आणि थेट धावायच्या पवित्र्यात उभं राहायचं. स्लाइड टॅकलनंतर मी आधी दोन हालचालींत उठायचे, आता एका हालचालीत उठते.

आता ज्या चुका झाल्या त्या. कुणी हे करायचं म्हणत असेल तर त्या माहीत असाव्यात.

पहिली म्हणजे मी धावणं जवळपास सोडलं. ज्युदोनंतर इतकं थकायला व्हायचं की वाटायचं, स्टॅमिना वाढतोच आहे. पण ज्युदोची झुंज मुळात चार मिनिटांची. त्यात दम लागतो तो पकड, ओढाताण आणि स्फोटक झटक्यांचा. नव्वद मिनिटं मैदानभर पळण्याचा दम वेगळा. आठव्या आठवड्यात टीमसोबत धावले तेव्हा नेहमी माझ्या मागे राहणाऱ्या दोघी पुढे निघून गेल्या. त्यानंतर आठवड्यात तीन दिवस धावणं ठेवलं आणि ज्युदो त्याच्या भोवती बसवलं.

दुसरी, मोकळ्या झुंजीची घाई. सरांनी नको म्हटलेलं असताना सातव्या आठवड्यात मी रांदोरीत उतरले आणि हरायला नको म्हणून पडता पडता अंग पिळून हात टेकला. पुन्हा तोच हात. मनगट वाचलं, करंगळी सुजली. तीन आठवडे दोन बोटं एकत्र टेप करून फिरले. पडायचं नाही असा हट्ट धरला की शिकलेलं सगळं एका क्षणात पुसलं जातं, हे त्या सुजलेल्या बोटाने दाखवलं.

तिसरी सगळ्यात महाग पडली. मोसमाआधीच्या पहिल्याच सराव सामन्यात पेनल्टी बॉक्समध्ये स्ट्रायकर माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि माझ्या हाताने आपोआप तिच्या जर्सीची बाही धरली. बारा आठवडे दुसरं केलंच काय होतं! फुटबॉलच्या नियमांत खांद्याने भिडायला परवानगी आहे, ते निष्काळजीपणे किंवा जादा जोराने नसलं म्हणजे झालं. धरणं हा मात्र सरळ फाउल, आणि बॉक्समध्ये म्हणजे पेनल्टी. गोल झाला. त्या दिवसापासून ज्युदोच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत मी जोडीदाराला सांगून पकडीशिवाय सराव करू लागले: मुठी बंद, फक्त खांदा, छाती आणि कंबर वापरून एकमेकींना जागेवरून हलवायचं. फिफा ११+ या वॉर्म-अपमध्ये धावता धावता जोडीदाराच्या खांद्याला खांदा लावायचा एक प्रकार आहे. तो आम्ही कित्येक वर्षं उरकल्यासारखा करत होतो. पकडीशिवायच्या सरावानंतर मला कळलं की तो धक्का खांद्याने द्यायचा नसतोच, गुडघे वाकवून कमरेतून द्यायचा असतो.

आणखी एक गोष्ट, जी चूक होता होता राहिली. ज्युदोचे बरेच डाव गर्रकन वळून आत शिरण्याचे असतात. मॅटवर अनवाणी पाय सहज फिरतो. मैदानावर बुटांचे स्टड गवतात रुतलेले असतात. पाय अडकलेला आणि अंग वळलेलं असलं की तो पीळ गुडघ्याच्या लिगामेंटवर येतो. म्हणून मॅटवरून मी तोल, पावलं आणि पडणं एवढंच मैदानावर नेलं, ते वळणं मॅटवरच ठेवलं. माझ्या मते ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी फेकाफेकीच्या सरावात उतरण्याआधी सर्जनला आणि फिजिओला विचारलंच पाहिजे.

मोसम सुरू झाल्यावर ज्युदो आठवड्यातून एकदाच, सामन्याच्या चार दिवस आधी, आणि त्यात रांदोरी नाही. नुसतं पडणं आणि पावलं.

चौथ्या सामन्यात तो क्षण आला. कॉर्नर, जवळजवळ तीच जागा, उंच चेंडू. उडताना मला पडण्याचा विचार आला नाही. हे मी नंतर व्हिडिओ बघून म्हणत नाहीये, तेव्हाच जाणवलं होतं, कारण डोक्यात फक्त चेंडू होता आणि ती शांतता मी जवळपास वर्षभर अनुभवली नव्हती. डोकं लागलं, चेंडू बाहेर गेला, आणि मागून कुणाची तरी कोपरं पाठीत बसली. जमीन तिरकी वर आली. उजवा हात पुढे गेला, पण ताठ नाही, गोल. करंगळी, हात, खांदा, पाठ, आणि मी पायांवर होते. चेंडू अजून पेनल्टी बॉक्सच्या कडेला उसळत होता. धावत जाऊन तो दुसऱ्यांदा मारला.

त्या मोसमात व्हिडिओवर पुन्हा सहा सामने मोजले. अडतीस वेळा पडले. पहिल्यापेक्षा जास्तच. हात टेकला तो चार वेळा.

हल्ली सराव संपल्यावर आमची नवी विंगर थांबते. सतरा वर्षांची आहे, वाऱ्यासारखी पळते आणि प्रत्येक फाउलवर दोन्ही तळहातांवर पडते. पाऊस होऊन मैदान मऊ असलं की आम्ही कडेला जातो. आधी निजून, मग बसून, मग उकिडवं. उभं राहून पडायची तिला फार घाई आहे. मी तिला स्वतःच्या जर्सीची कॉलर दोन्ही हातांनी धरायला लावते.

"किती वेळा, ताई?"

"हनुवटी छातीला. श्वास सोड. आणि मोजू नकोस."